कामावर हात गेला, तर भरपाई कोण देणार, किती आणि ती अडते कुठे

पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, बोटं गेली की पहिल्या अर्ध्या तासात दोन गोष्टी होतात. कुणीतरी हाताला फडकं गुंडाळून माणसाला गाडीत घालतं. आणि शेजारी बसलेला सुपरवायझर हळूच सांगतो, "डॉक्टरांनी विचारलं तर घरी लागलं म्हण, बाकी शेठ बघून घेतील." वेदनेत असलेला माणूस मान हलवतो. दवाखान्यात केसपेपरवर लिहिलं जातं, 'घरी पडून दुखापत'. दोन वर्षांनी कामगार न्यायालयात समोरचा वकील तीच ओळ मोठ्याने वाचतो.

भरपाईच्या कायद्यातलं गणित तसं सोपं आहे. अवघड आहे ते अपघात कामावरच झाला हे दाखवणं, आणि त्याचा निकाल बऱ्याचदा पहिल्या दिवशीच्या कागदावर लागतो. म्हणून सुरुवातही तिथूनच करू.

डॉक्टरांना खरं सांगायचं: कुठे, कोणत्या मशीनवर, किती वाजता, काय करताना. जखम मोठी असेल तर हॉस्पिटल ती पोलिसांना कळवतं आणि एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, अशी नोंद होते. तो नंबर मोबाइलमध्ये टिपून ठेवायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरच्यांनी केसपेपरची आणि पुढे डिस्चार्ज कार्डची झेरॉक्स घ्यायची आणि त्यावर कारण काय लिहिलंय ते वाचायचं. चुकीचं असेल तर तेव्हाच लेखी अर्ज देऊन दुरुस्ती मागता येते. वर्षभराने मागितलेली दुरुस्ती ही बनवाबनवी वाटते. मालकाला नोटीस म्हणून एक साधं पत्र पुरतं. नाव, पत्ता, अपघाताची तारीख, जागा आणि कारण एवढं लिहून ते पोस्टाने, पोचपावतीसह पाठवायचं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला निरोप आणि सुपरवायझरचं "ठीक आहे, आराम कर" हे उत्तरही पुसून टाकू नका. मालकाला अपघात माहीत होता हे त्यातून दिसतं, आणि मालकाला दुसऱ्या कुठल्याही मार्गाने अपघात कळला असेल तर निव्वळ नोटीस दिली नाही म्हणून दावा बाद होत नाही.

आता पैसे कोण देणार. इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि दोन्हींवर एकदम चालता येत नाही.

पहिला रस्ता ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत, योजना त्या भागात लागू आहे आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, तिथला कामगार यात येतो. दिव्यांग कामगारासाठी ही मर्यादा २५,००० आहे. पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. १ जुलै २०१९ पासून हे दर आहेत. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसत असेल तर तुम्ही या रस्त्यावर आहात, आणि मग मालकाविरुद्ध भरपाईचा वेगळा दावा लावता येत नाही. ईएसआय कायद्याचं कलम ५३ तो मार्ग बंद करतं. पैसे ईएसआय महामंडळ देतं, मालकाशी भांडायची गरज उरत नाही.

दुसरा रस्ता कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ चा. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन', कोर्टाच्या आवारात नुसतं 'डब्ल्यूसी'. जो ईएसआयमध्ये नाही, त्याच्यासाठी हा. पाच माणसांचं वर्कशॉप, बांधकामाची साइट, ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनर, हमाल, विजेच्या खांबावर चढणारा ठेकेदाराचा वायरमन, ट्रॅक्टर किंवा विजेवरच्या यंत्राने शेती होते तिथला सालगडी, हे सगळे यात येतात. मळणी यंत्रात हात गेलेल्या मजुराला "शेतीला कुठला आलाय कायदा" असं गावात सांगितलं जातं, ते खरं नाही. रोजंदारीवर एका दिवसासाठी आलेला माणूसही यात बसतो, आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर कारकुनी काम करणाराही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या दोन्ही कायद्यांची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. घाबरण्यासारखं काही नाही. भरपाईचं सूत्र, मालकाची जबाबदारी, विलंबाचा दंड हा सांगाडा संहितेच्या सातव्या प्रकरणात तसाच आला आहे. त्या तारखेच्या आधीचा अपघात जुन्या कायद्याने मोजला जातो, आणि अशी प्रकरणं अजून काही वर्षं कामगार न्यायालयात चालत राहतील. म्हणून खाली कलमांचे आकडे जुन्या कायद्याचे दिले आहेत. वकील, युनियनवाले आणि कारकून सगळे त्याच आकड्यांत बोलतात. एक सावधगिरी मात्र हवी. मोबाइल अॅपवरून डिलिव्हरी करणाऱ्या गिग कामगारांसाठी संहितेत वेगळं प्रकरण आहे, त्यांना हे सातवं प्रकरण आपोआप लागू होत नाही.

चूक कुणाची, हा प्रश्नच नाही

मोटार अपघाताच्या दाव्यात सहसा चूक कुणाची हे सिद्ध करावं लागतं. इथे ते लागत नाही. दोनच गोष्टी दाखवायच्या: अपघात कामाच्या ओघात झाला, आणि कामामुळे झाला. मालकाचा निष्काळजीपणा शोधायचा नाही आणि कामगाराच्या बेसावधपणामुळे भरपाई कमीही होत नाही. डुलकी लागली, लक्ष उडालं, घाईत हात पुढे गेला, तरी दावा उभा राहतो.

मालक सुटतो अशा तीनच अवस्था कायद्याने ठेवल्या आहेत. कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता आणि थेट त्यामुळेच अपघात झाला. सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम किंवा केलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडला. सुरक्षेचं साधन आहे हे माहीत असून त्याने ते मुद्दाम काढलं किंवा वापरलं नाही. आणि या तिन्ही अवस्था मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर चालत नाहीत. मालकाच्या वकिलाला हे ठाऊक असतं, विधवेला नसतं. "तो प्यायला होता, काही मिळणार नाही" हे वाक्य ऐकून कितीतरी घरं दावा न लावता बसतात.

गार्ड काढल्याचा मुद्दा जरा नीट पाहू, कारण प्रेस शॉपमध्ये सगळ्यात जास्त तोच येतो. प्रेसवर दोन हातांची दोन बटणं असतात, म्हणजे ठोका पडताना दोन्ही हात डायच्या, म्हणजे साच्याच्या, बाहेर राहावेत. एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं की एका हाताने जॉब सरकवता येतो आणि तासाला नग वाढतात. सेन्सर असेल तर तो बायपास केला जातो. हे कोण करतं? उत्पादनाचा आकडा ज्याला द्यायचा असतो तो. मग अपघात झाला की कागदावर येतं, 'ऑपरेटरने गार्ड काढला'. कायद्याला 'मुद्दाम' हवं आहे आणि ते सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. पाळीतले सगळेच तसं काम करत होते आणि सुपरवायझर रोज तिथून जात होता, एवढं एका सहकाऱ्याने सांगितलं तरी हा बचाव ढिला होतो. अडचण एकच, तो सहकारी अजून तिथेच कामाला असतो. म्हणून त्याच आठवड्यात मशीनचे फोटो, पाळीचा तक्ता, हजेरीचा उतारा जे मिळेल ते जमवावं. कारखाना असेल तर ४८ तास किंवा जास्त काळ कामगार कामावर येऊ शकला नाही असा अपघात मालकाने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवायचा असतो. तो अहवाल आणि निरीक्षकाची पाहणी माहिती अधिकारात मागता येते.

कामावर जाता-येताना झालेल्या अपघाताबद्दल बरीच वर्षं उलटसुलट निकाल येत होते. २००३ साली, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. भरपाई आयुक्तांनी, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी, कुटुंबाला ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केले: अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळत असेल तर घर ते कामाची जागा हा प्रवासही कामाच्या ओघात धरायचा. ईएसआयमध्ये हे २०१० पासून कलमातच आहे, आणि नव्या संहितेत ते सगळ्यांसाठी लिहून आलं आहे. वाटेत लग्नाला वळसा घालून गेलात तर धागा तुटतो. पाळीची वेळ दाखवणारा कागद म्हणून जपायचा.

किती मिळतात

१९२३ च्या कायद्याचं सूत्र असं. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचे ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले तोच गुणांक. गुणांक चौथ्या परिशिष्टात वयाप्रमाणे छापलेला आहे: २५ व्या वर्षी २१६.९१, तिशीत २०७.९८, चाळिशीत १८४.१७, पन्नाशीत १५३.०९, साठीला ११७.४१. वय जितकं कमी तितका गुणांक मोठा, कारण पुढे कमवायची वर्षं जास्त होती.

पगार मात्र हवा तेवढा धरता येत नाही. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने मोजणीसाठी कमाल पगार महिना १५,००० रुपये ठरवला. त्याआधी तो ८,००० होता. हिशोब अपघाताच्या तारखेला लागू असलेल्या मर्यादेनेच होतो, निकालाच्या तारखेच्या नाही. म्हणजे तीस वर्षांचा, महिना २५,००० घेणारा वेल्डर उंचावरून पडून गेला तरी हिशोब १५,००० वर: ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. तो ईएसआयच्या २१,००० च्या वर असल्यामुळे तिथेही नाही. कुशल कामगाराची ही कोंडी आहे आणि कायद्याने ती अजून नीट सोडवलेली नाही.

त्याच वेल्डरला कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२०. आता बोटांकडे येऊ. पहिल्या परिशिष्टात कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के गेली हे दिलेलं आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची दोन बोटं २०, तीन ३०, चारही ५०, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. ही टक्केवारी पूर्ण अपंगत्वाच्या रकमेवर लावायची. तिशीतल्या माणसाची दोन बोटं गेली तर १८,७१,८२० चे २० टक्के, ३,७४,३६४ रुपये. मालक सहसा हातात २५-३० हजार ठेवून "सही कर" म्हणतो, तेव्हा समोर खरा आकडा हा असतो.

परिशिष्टातला टक्का हा शेवटचा शब्द नाही. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचं प्रकरण आलं. डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला होता. मालकाचं म्हणणं, परिशिष्टाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची ताकद पूर्ण गेली, शंभर टक्के. त्याच निकालाने हेही ठरवलं की भरपाई अपघाताच्या दिवशीच देणं लागते, निकालाच्या दिवशी नाही.

नेमकी इथेच मोठी गफलत होते. सिव्हिल हॉस्पिटलमधून मिळणारा दिव्यांगत्वाचा दाखला हा शरीराच्या हानीचा टक्का सांगतो. भरपाईसाठी लागतो तो कमाईची ताकद किती गेली याचा टक्का. पाय ३० टक्के अधू झालेला हिशोबनीस उद्यापासून पूर्ववत काम करेल, तसाच पाय असलेला गवंडी शिडी चढू शकणार नाही. परिशिष्टात नसलेल्या दुखापतीसाठी, म्हणजे मणका दुखावला, खांदा वर जात नाही अशा वेळी, नोंदणीकृत डॉक्टरने 'या कामासाठी कमाईची ताकद इतकी टक्के गेली' असं ठरवावं लागतं, आणि विरोध झाला तर ते कोर्टात येऊन सांगावं लागतं. नुसता दाखला जोडला, डॉक्टर साक्षीला आलाच नाही, आणि टक्का निम्मा झाला, असं सर्रास होतं. दाखला घेतानाच डॉक्टरांना विचारावं, "गरज पडली तर साक्षीला याल का?"

तात्पुरतं अपंगत्व, म्हणजे हाड मोडलं आणि दोन महिन्यांत जुळलं, यासाठी दर पंधरवड्याला पगाराचे २५ टक्के. १५,००० वर ते ३,७५० रुपये होतात, महिन्याला ७,५००. काम बंद तीन दिवसांपेक्षा जास्त असलं पाहिजे. २८ दिवस किंवा अधिक बंद राहिलं तर पहिल्या दिवसापासून मिळतं, त्याहून कमी असेल तर पहिले तीन दिवस वजा. हे जास्तीत जास्त पाच वर्षं.

उपचाराचा खर्च वेगळा. २००९ नंतर कामावरच्या दुखापतीच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा आहे, आणि तो भरपाईतून कापता येत नाही. "हॉस्पिटलचं दीड लाख आम्ही भरलं, आता काय राहिलं" हा हिशोब कायद्याला मान्य नाही. बिलं मात्र तुमच्या नावाची आणि मूळ हवीत. मृत्यूच्या प्रकरणात जुन्या कायद्याने अंत्यविधीसाठी किमान ५,००० रुपये निराळे.

ईएसआयमध्ये हिशोब निराळा चालतो. काम बंद असताना रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात, बरं होईपर्यंत, आणि त्यासाठी किती महिने हप्ता भरला हे पाहिलं जात नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी. कायमचं अपंगत्व राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्का ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम येते, पुन्हा नोकरी लागली तरी. समजा पगार १७,००० आणि नुकसान २० टक्के: साधारण महिना ३,०६० रुपये. वर ज्या दोन बोटांचे एकदाच ३,७४,३६४ आले, तितकी रक्कम ईएसआयमधून दहा-सव्वादहा वर्षांत येऊन जाते, आणि त्यानंतरही येत राहते. तिशीतल्या माणसाला हा रस्ता तोट्याचा नाही. मृत्यू झाला तर त्या ९० टक्क्यांतला तीन पंचमांश विधवेला, प्रत्येक मुलाला दोन पंचमांश. बेरीज पूर्ण रकमेपेक्षा जास्त झाली तर सगळ्यांचे वाटे त्या प्रमाणात कमी होतात. अंत्यविधीसाठी १५,००० पर्यंत.

ईएसआयमध्ये अडतं ते अपघाताच्या अहवालावर. मालकाने फॉर्म १२ भरून शाखा कार्यालयाला कळवायचं असतं, जखम गंभीर असेल तर लगेच, नाहीतर चोवीस तासांत. तो गेला नाही की डॉक्टर नुसत्या आजारपणाची रजा देतात. मग ९० टक्क्यांच्या जागी आजारपणाचा कमी दर लागतो, आणि कायमच्या अपंगत्वाच्या मंडळापर्यंत फाइल जातच नाही. कामगाराने स्वतः शाखा व्यवस्थापकाकडे लेखी अर्ज द्यावा, कारखान्यातल्या अपघात नोंदवहीत नोंद झाली का ते पाहावं. आणि मालकाने नोंदणीच केली नव्हती, अपघातानंतर घाईने नाव घातलं, असं झालं तरी कामगाराचा हक्क जात नाही. महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकतं. अपघातानंतर पडलेली नोंदणीची तारीख पाहून कार्यालय प्रश्न विचारतं, म्हणून आधीपासून कामावर असल्याचा पुरावा, बँकेत आलेला पगार, गेटपास, हजेरी, हाताशी असू द्या.

ठेकेदार, विमा आणि मिटवामिटवी

"तो आमचा माणूसच नव्हे, ठेकेदाराचा होता." बांधकामावर हे उत्तर ठरलेलं. कलम १२ म्हणतं, मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं आणि अपघात मालकाच्या ताब्यातल्या जागेवर झाला, तर कामगार मुख्य मालकाकडून भरपाई मागू शकतो. मालकाने मग ती ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा हिशोब. म्हणून अर्जात बिल्डर आणि ठेकेदार दोघांनाही जाब देणारे, म्हणजे प्रतिवादी, करावं. फक्त मुकादमाविरुद्ध निकाल मिळवून उपयोग नाही, तोवर तो दुसऱ्या जिल्ह्यात असतो.

बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नोंदलेलं असेल तर कामावर मृत्यू झाल्यास वारसांना मंडळाकडून ५ लाख रुपये मिळतात. ते मंडळाचं साहाय्य आहे, मालकाची भरपाई नाही. एक मिळालं म्हणून दुसरं सोडून देऊ नका.

मालकाने कामगार भरपाईची विमा पॉलिसी घेतली असेल तर अर्जात विमा कंपनीलाही घ्यायचं. पॉलिसीत गोची अशी असते: हप्ता कमी पडावा म्हणून दहाच्या जागी चार माणसं दाखवलेली, पगार ७,००० लिहिलेला, 'हेल्पर' म्हणून नोंद आणि माणूस उंचावर वेल्डिंग करत होता, ठेकेदाराची माणसं पॉलिसीत नाहीतच. विमा कंपनी हात वर करते. यात कामगाराचा हक्क जात नाही, फक्त पैसे विमा कंपनीऐवजी मालकाच्या खिशातून निघतात. आणि उशिराबद्दलचा दंड तर मालकालाच भरावा लागतो. छोट्या कारखानदारांनी पॉलिसी काढताना उपचाराचा खर्च आणि व्याज त्यात धरलंय का हे एजंटला स्पष्ट विचारावं. नुसती सर्वांत स्वस्त पॉलिसी अपघाताच्या दिवशी सर्वांत महाग पडते.

ट्रक-टेम्पोवरच्या माणसांसाठी निवड आहे. रस्त्यावर अपघात झाला तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा भरपाई आयुक्त, दोन्हीपैकी एकच. समोरच्या गाडीची चूक स्पष्ट असेल आणि पगार मोठा असेल तर न्यायाधिकरणात रक्कम जास्त निघू शकते. ड्रायव्हरला झापड येऊन गाडी झाडावर गेली असेल तर आयुक्तांकडे जावं, तिथे त्याची चूक कुणी विचारत नाही.

मिटवामिटवीबद्दल एवढंच लक्षात ठेवा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दच समजला जातो. तडजोड करायचीच असेल तर तिचा मसुदा आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने पैसे थेट घरच्यांच्या हातात दिले तरी ते भरपाई दिल्यात जमा होत नाहीत. ते आयुक्तांकडेच भरावे लागतात. आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम देता येते, तीच पुढे वजा होते. एखाद्या महिला कामगाराला एकरकमी भरपाई द्यायची असली तरी ती आयुक्तांमार्फतच. हा नियम मालकाच्याही फायद्याचा आहे, कारण दिराच्या हातात पाच लाख ठेवून मोकळा झालेला मालक विधवेच्या दाव्यात तेच पुन्हा भरतो.

अर्ज कुठे, आणि मग काय

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्त म्हणून काम पाहतात, काही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश. अपघात कुठेही झाला असला तरी कामगार किंवा वारस जिथे राहतात तिथे अर्ज करता येतो. पुण्यात साइटवर गेलेल्या माणसाच्या घरच्यांना नांदेडहून पुण्याला तारखांना यायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची, अपघातापासून, मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. व्यावसायिक आजाराचं, जसं की दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस किंवा शिशाची विषबाधा, घड्याळ आजार उघड झाल्यावर चालू होतं. अशा प्रकरणात छातीचा पहिला एक्स-रे आणि त्यावरची तारीख हीच नोटीस समजून जपावी.

गावी निघून जाण्याआधी आणखी एक गोष्ट. नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांत मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणी करायची तयारी दाखवली तर कामगाराने ती करून घ्यावी लागते. नकार दिला किंवा तपासणी न करता परस्पर निघून गेला तर तपासणी होईपर्यंत हक्क लटकतो. दिवाळीला किंवा ऊसतोडीला गेलेल्या माणसांच्या फायली इथे वर्षभर पडून राहतात.

अर्जासोबत लागतं ते असं: वयाचा दाखला (आधारवरचं वय शाळेच्या दाखल्याशी जुळत नसेल तर आधी ते निस्तरा, एका वर्षाच्या फरकाने गुणांक बदलतो), पगाराचा पुरावा, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एमएलसी, पंचनामा, मृत्यू असेल तर शवविच्छेदन अहवाल आणि वारसांची कागदपत्रं. पगार रोखीने मिळत असेल आणि काहीच कागद नसेल तर त्या कामाचं किमान वेतन धरून घेण्याची मागणी करता येते, पण बँक खात्यातली दर महिन्याची जमा याहून भक्कम. नव्या संहितेत पगाराची व्याख्या बदलली आहे: भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर निम्म्यावरचा भाग पगारातच मोजायचा. वकील सक्तीचा नाही; नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी कामगारातर्फे उभा राहू शकतो. दावा तीन महिन्यांत निकाली काढावा असं कलम २५अ म्हणतं. प्रत्यक्षात तारखा वर्षानुवर्षं पडतात, आणि म्हणूनच व्याजाचं महत्त्व.

भरपाई देणं झाल्यापासून महिनाभरात दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज. आणि उशिराला योग्य कारण नसेल तर कारणे दाखवा नोटीस काढून रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड, तोही कामगाराला किंवा वारसांना. साखर कारखान्याच्या त्या रखवालदाराच्या प्रकरणात मंजूर रक्कम ३,२६,१४०. वर्षाचं व्याज ३९,१३७ च्या आसपास. बावीस वर्षांचं साडेआठ लाखांहून जास्त. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही स्वतंत्रपणे मागितलेले असावेत.

मालकाला अपील करायचं तर ते उच्च न्यायालयात, साठ दिवसांत, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच, आणि त्यासाठी आदेशातली पूर्ण रक्कम आधी आयुक्तांकडे भरल्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पैसे न भरता अपील दाखलच होत नाही. अपिलाची नोटीस आली तर पहिल्याच तारखेला त्या प्रमाणपत्राची प्रत मागायची, आणि रक्कम जमा दिसली की आपल्या वाट्याचा भाग काढून घेण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. विधवा आणि मुलांचे वाटे आयुक्त ठरवतात आणि अज्ञान मुलांचा वाटा मुदतठेवीत ठेवायला सांगू शकतात. ही रक्कम सावकाराला किंवा पतसंस्थेला जप्त करता येत नाही, कलम ९ तसं सांगतं. त्यामुळे "आधी कर्ज फेडा मग चेक" असं कुणी म्हणालं तर त्याला हे कलम दाखवायचं.